तुमचा कागद कुठे अडतो?

(जिमखाना कार्यालयातल्या कामाची ओळख)

"मॅडम, सही झाली का?"

दिवसभरात हा प्रश्न मला किती वेळा ऐकावा लागतो, हे जिमखान्याच्या खिडकीशी दहा मिनिटं उभं राहिलेला कुणीही सांगेल. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सही हा कागदाच्या प्रवासातला सर्वांत छोटा टप्पा. साहेबांना सहीला अर्धं मिनिट लागतं. कागद अडतो तो त्याच्या आधी, आणि त्याचा खरा उपयोग होतो तो त्याच्या नंतर. कधीकधी तर तुम्ही कॉलेज सोडून गेल्यावर. अंकाच्या मराठी विभागाच्या मुलांनी "ऑफिसच्या कामावर लिहा, पण आम्हाला उपयोगी पडेल असं लिहा" असा आग्रह धरला, म्हणून हा छोटासा पाठ. इंजिनिअरिंगच्या मुलांना फ्लोचार्ट समजतो, तेव्हा ऑफिसही समजायला हरकत नाही.

जिमखाना म्हटलं की तुम्हाला कॅरम बोर्ड आणि टेबल टेनिसचं टेबल आठवतं. कागदोपत्री मात्र खेळ, सांस्कृतिक मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना, तांत्रिक महोत्सव, वादविवाद मंडळ आणि आता तुमच्या हातात असलेला हा वार्षिक अंक, हे सगळं एकाच टेबलावर येतं. प्राचार्य जिमखान्याचे अध्यक्ष, एक ज्येष्ठ प्राध्यापक उपाध्यक्ष, मग शारीरिक शिक्षण संचालक, मग मी लिपिक, आणि सर्वांत महत्त्वाचे आमचे शिपाई मामा. विद्यार्थ्यांच्या बाजूला जी.एस. आणि खात्याखात्याचे सेक्रेटरी. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे कायद्यात ही मंडळी गुणवत्तेवर नेमली जात. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद आणली. नेमणूक असो की निवडणूक, मुदत एका वर्षाचीच. ऑगस्टमध्ये आलेला सेक्रेटरी फेब्रुवारीपर्यंत काम शिकतो आणि मे महिन्यात निघून जातो. म्हणजे या ऑफिसात दरवर्षी माणसं नवी आणि कपाट तेवढं जुनं. त्या कपाटात काय ठेवायचं आणि ते वेळेला कसं सापडायचं, हे माझं काम.

आता अर्जाकडे वळू. खाली एक अर्ज देते. असा अर्ज आठवड्यातून एक तरी येतोच.

"मा. प्राचार्य यांस. विषय : हॉल मिळण्याबाबत. महोदय, आम्ही कार्यक्रम घेत आहोत. तरी आम्हाला हॉल मिळावा ही नम्र विनंती. आपले विश्वासू, सर्व विद्यार्थी."

भाषा नम्र आहे, शुद्धलेखन बरं आहे, पण काम काहीच होत नाही. कुठला हॉल? कधी? किती वाजेपर्यंत? आणि 'सर्व विद्यार्थी' यांना फोन कुठल्या नंबरवर लावायचा? हा कागद माझ्याकडे आला की मामांना वसतिगृहावर पाठवून "अरे, हा अर्ज कुणाचा?" असं विचारत फिरावं लागतं. दोन दिवस त्यातच जातात आणि मुलं म्हणतात, ऑफिसने अडवलं.

आता दुसरा पाहा. "विषय : एकांकिकेच्या तालमीसाठी जुने सभागृह मिळणेबाबत. दि. १० ते १९ ऑगस्ट (रविवार वगळून), सायं. ६ ते ९. कलाकार व मदतनीस मिळून २२ जण, त्यांपैकी मुलींच्या वसतिगृहातील ८. ध्वनिक्षेपक लागणार नाही. दिवे व पंखे लागतील. जबाबदार विद्यार्थी : नाव, वर्ग, खोली क्रमांक, भ्रमणध्वनी. सोबत : नावांची यादी." सहा-सात ओळी. पण यात प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा आहे. '९ वाजेपर्यंत' म्हटल्यावर वॉचमनला कळवायला हवं. '८ मुली' म्हटल्यावर मुलींच्या रेक्टर मॅडमना उशिरा येण्याच्या परवानगीसाठी प्रत जायला हवी. 'दिवे व पंखे' म्हटल्यावर वायरमनला. हे तुम्ही लिहिलंत तर मी दहा मिनिटांत टिप्पणी तयार करते. नाही लिहिलंत तर पहिल्या दिवशी तालीम सुरू होते, साडेआठला वॉचमन दिवे घालवतो, आठ मुली वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्या राहतात, आणि रेक्टर मॅडमचा फोन मला येतो.

टिप्पणी म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमचा अर्ज साहेबांच्या टेबलावर एकटा जात नाही. त्याच्यावर मी एक टिप्पणी लिहिते : काय मागितलं आहे, मागच्या वर्षी अशा मागणीवर काय झालं, नियम काय आहे, पैसे लागणार असतील तर कुठल्या खात्यात किती शिल्लक आहे, आणि शेवटी 'मान्यतेस सादर'. मग ती उपाध्यक्ष सरांकडे, पैशांचा विषय असेल तर लेखा विभागाकडे, आणि मग प्राचार्यांकडे. चार जणांनी आपापला वेळ घातलेला असतो म्हणून पाचव्याची सही अर्ध्या मिनिटात होते. सहीनंतर कागद परत येतो, त्याला जावक क्रमांक पडतो, ज्याला त्याला प्रती जातात आणि एक स्थळप्रत फायलीत राहते. मुलं सही झाल्याबरोबर कागद घेऊन पळू पाहतात. तो कागद तुमचा नसतो हो, ऑफिसचा असतो. तुम्हाला मिळते ती प्रत.

मराठीत लिहिलं तर चालेल का, असंही विचारतात. चालतं, आणि बरंच सोयीचं पडतं. "आय बेग टू स्टेट" ने सुरू झालेल्या अर्जात कार्यक्रमाची तारीख हमखास राहून जाते, असा माझा अनुभव.

अर्ज देताना एक गोष्ट न चुकता करा : दोन प्रती आणा. एक माझ्याकडे, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती तुमच्याकडे. हिला पोच म्हणतात. एकदा नाट्यमंडळ आणि रोबोटिक्सवाले एकाच संध्याकाळच्या सभागृहासाठी खिडकीशी भांडत उभे राहिले. दोघांचंही म्हणणं, "आम्ही आधी सांगितलं होतं." सांगितलं असेलही. पण नाट्यमंडळाकडे चार दिवस आधीच्या तारखेची पोच होती आणि रोबोटिक्सवाल्यांकडे सरांना केलेल्या फोनची आठवण होती. सभागृह कुणाला मिळालं हे सांगायला नको. तोंडी परवानगी ही देणारा विसरेपर्यंतच खरी.

किती दिवस आधी अर्ज द्यायचा? सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा एक कायदा आहे. बदल्या आणि कामातला विलंब या दोन्हींबद्दलचा. त्यात साधारण फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलं आहे. तीन टेबलं असली तर हिशेब तुम्हीच करा. कॉलेजच्या आतलं काम असेल तर आठवडाभर आधी, बाहेरच्या कुणाची परवानगी लागत असेल तर किमान पंधरा दिवस आधी, असं मी सांगते.

बाहेरची परवानगी म्हणजे मुख्यतः पोलीस ठाण्याची, ध्वनिक्षेपकासाठी. गॅदरिंगच्या वेळी दरवर्षी "दहाला का बंद?" म्हणून आरडाओरडा होतो. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला सूट आहे. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तो ना साहेबांना आहे, ना मला. म्हणून अर्जात 'मैदान' की 'सभागृह' हे स्पष्ट लिहावं लागतं. तुमच्या दृष्टीने जागेचा प्रश्न असतो, नियमाच्या दृष्टीने तो वेळेचा असतो.

तसाच दुसरा एक रकाना मी अर्जात लिहायला लावते : प्रेक्षक कोण? मुलांना ही चौकशी वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी सादर केलेल्या नाटका-संगीताला सूट आहे, पण प्रेक्षक संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले तर. तिकीट लावून गावातल्या लोकांना बोलावलंत की लेखकाची परवानगी आधी हवी. तेच नाटक स्पर्धेला नेताना लागू होतं. १९६३ पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत संघ कॉलेजचा असतो, मित्रमंडळाचा नसतो. म्हणून लेखकाचं संमतिपत्र, प्रवेशिका आणि कलाकारांची यादी आधी कॉलेजच्या फायलीत असावी लागते. शेवटच्या दिवशी दुपारी चारला प्रवेशिका घेऊन धावत येणारे नट मी पाहिलेले आहेत. अभिनय तिथेच इतका चांगला होतो की बक्षीस द्यावंसं वाटतं.

आता पैसे. इथे मात्र थोडं थांबून वाचा, विशेषतः वसतिगृहातल्या मुलांनी.

कार्यक्रमाला पैसे दोन रीतींनी मिळतात. एक, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. ही सहसा विद्यार्थ्याच्या नावाने मिळत नाही, संबंधित प्राध्यापकांच्या नावाने निघते. हिशेब आला नाही तर वसुली त्यांच्या पगारातून व्हायची असते. म्हणूनच पहिल्या उचलीचा हिशेब दिल्याशिवाय सर दुसरी घ्यायला तयार नसतात आणि लेखा विभाग ती देत नाही. दुसरी रीत म्हणजे आधी खर्च, मग बिल दाखवून पैसे परत. आणि मुलं नेमकी हीच रीत धरतात, कारण उचलीचा अर्ज करायला वेळ नसतो आणि बाजारात उद्याच जायचं असतं.

एका गॅदरिंगला दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सजावटीचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. खिशातून म्हणजे घरून मेससाठी आलेल्या पैशांतून. साडेसहा हजार रुपये. कार्यक्रम छान झाला, सगळ्यांनी पाठ थोपटली. मग तो कागदांचं पुडकं घेऊन खिडकीशी आला. त्यात काय होतं? कापडवाल्याचं 'एस्टिमेट' असं वर छापलेलं कागदाचं पान. फुलवाल्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीमागे लिहिलेला आकडा. विजेच्या सामानाचं पक्कं बिल, पण मुलाच्या स्वतःच्या नावाचं. टेम्पोचं काहीच नाही. आणि फोनमध्ये पैसे पाठवल्याचे पाच स्क्रीनशॉट, त्यांतले दोन मित्राच्या खात्यावरून गेलेले. मुलगा प्रामाणिक होता. एकही रुपया त्याने जास्त लावला नव्हता, हे मलाही दिसत होतं. पण लेखापरीक्षकाला माणूस दिसत नाही, कागद दिसतो. पुन्हा दुकानांत हेलपाटे घालून त्याने कागद आणले. कापडवाला दोनदा "उद्या या" म्हणाला. पैसे निघायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मेसच्या बोर्डावर थकबाकीदारांत त्याचं नाव होतं.

तेव्हा नीट समजून घ्या. कोटेशन म्हणजे दुकानदार किती घेईल ते. बिल म्हणजे त्याने काय विकलं ते. पावती म्हणजे त्याला पैसे मिळाले ते. तीन वेगळे कागद आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बिल कॉलेजच्या नावाने घ्या : 'प्राचार्य' आणि पुढे कॉलेजचं पूर्ण नाव. त्यावर छापील क्रमांक, तारीख, दुकानाचा पत्ता आणि दुकानदार नोंदणीकृत असेल तर जीएसटी क्रमांक हवा (१ जुलै २०१७ पासून व्हॅट जाऊन हा आला). ५ हजारांपेक्षा जास्त रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट आणि त्यावर सही. पूर्वी ही मर्यादा ५०० रुपये होती, २००४ मध्ये ती वाढली. काही जुने दुकानदार अजून सहाशेच्या पावतीवरही तिकीट चिकटवतात, त्याने काही बिघडत नाही. रिक्षा, हमाल, फुलवाला यांच्याकडे बिल नसतंच. तिथे व्हाउचर लिहायचं : कशासाठी, किती, कुणाला, त्याची सही किंवा अंगठा, आणि खाली तुमच्या सरांची सही. कोरी व्हाउचर माझ्याकडे मागा, गठ्ठाच देते. आणि फोनवरचा स्क्रीनशॉट? तो पैसे गेल्याचा पुरावा आहे, माल आल्याचा नाही. बिलाला जोडला तर उपयोगी, नुसता असेल तर एक चित्र. मित्राच्या फोनवरून पैसे दिले असतील तर परतफेड कुणाला करायची हेही तेव्हाच लिहून द्या. नाहीतर कॉलेजचा चेक तुमच्या नावाने निघतो आणि मैत्री तपासली जाते.

बिलाची तारीख मंजुरीच्या तारखेच्या आधीची असू नये. यावरून सर्वांत जास्त आक्षेप निघतात. मंजुरी १२ तारखेची आणि खरेदी ९ ची, म्हणजे खरेदी करून मग विचारलं. आणखी एक हुशारी दरवर्षी कुणीतरी करतो : ठरावीक रकमेच्या पुढे तीन दरपत्रकं मागवावी लागतात, म्हणून एकाच दुकानातून एकाच दिवशी तीन छोटी बिलं आणायची. याला खरेदीचे तुकडे पाडणं म्हणतात. लेखापरीक्षकाने ही युक्ती तुमच्या जन्माआधी पाहिलेली आहे.

सामानाबद्दल थोडक्यात. शटलकॉक, बॉल, रंग, दोरे हे वापरून संपतात. त्यांची नोंद साठा वहीत. ढोल, हार्मोनिअम, टेबल, स्पीकर हे टिकतात. त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरात. बिलाच्या मागे 'वस्तू मिळाल्या, पान क्रमांक अमुकवर नोंद घेतली' असा शेरा पडल्याशिवाय पैसे निघत नाहीत. म्हणून ढोल आधी ऑफिसात आणा, मग वाजवा. आणि मोडलेल्या बॅटी टाकून देऊ नका. कपाटावर चौदा मोडक्या बॅटी का ठेवल्यात म्हणून मुलं हसतात. निर्लेखन होऊन त्या वहीतून उतरेपर्यंत त्या आहेत त्या अवस्थेत दाखवाव्या लागतात. वहीत चौदा आणि कपाटावर बारा असं झालं तर मग हसू येत नाही.

आता ज्या कामाकडे कुणाचंच लक्ष नसतं त्याकडे येते : नावांच्या याद्या.

स्पर्धेला जाताना संघाची यादी द्यायची असते. मुलं काय लिहितात? कॅप्टन घाईघाईत लिहितो : पप्या, मोठा पाटील, छोटा पाटील, ईअँडटीसीचा जोशी. मी ती परत करते. पूर्ण नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं, आडनाव-नाव-वडिलांचं नाव याच क्रमाने. जन्मतारीख, कॉलेजात प्रवेशाची तारीख, वर्ग, मागची परीक्षा. मुलं वैतागतात : "मॅडम, बस सुटेल." बस सुटते तेव्हा खो-खोचा सामना चुकतो. नाव चुकलं तर काय चुकतं ते ऐका.

काही वर्षांपूर्वी आपली एक माजी विद्यार्थिनी ऑफिसात आली. वसतिगृहात राहून शिकलेली, कॉलेजच्या कबड्डी संघातून पुढे विद्यापीठाच्या संघात गेलेली. सरकारी नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यातून तिने अर्ज केला होता. कोणत्या पातळीची स्पर्धा कोणत्या पदाला चालते हे ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्रांची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रं निघतात, त्यामुळे ती होते हे योग्यच आहे. हिच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव नव्हतं आणि आडनावात एक अक्षर चुकलं होतं. ते प्रमाणपत्र आमच्याकडचं नव्हतं, स्पर्धा घेणाऱ्यांचं होतं. आता ही तीच मुलगी कशावरून? घरी वडील शेतात, नोकरीची मुदत पंधरा दिवसांवर, आणि समोर बसून ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मॅडम, मी खेळलेय हो." खेळली होती हे मलाही आठवत होतं. पण माझ्या आठवणीवर शिक्का मारता येत नाही.

सहा वर्षांपूर्वीची फाईल काढली. त्यात संघाची यादी होती : पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रवेश क्रमांक, खाली प्राचार्यांची सही, वर जावक क्रमांक आणि तारीख. जावक वहीतही तोच क्रमांक, त्याच दिवशी. यादीची प्रमाणित प्रत आणि प्राचार्यांचं पत्र आम्ही त्याच दुपारी दिलं. पुढे ती रुजू झाली, पेढे घेऊन आली. त्या फायलीत जर 'मोठी पाटील, छोटी पाटील' असं असतं, तर मला पेढे मिळाले नसते एवढंच नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचंही असंच. १९६९ च्या २४ सप्टेंबरला सुरू झालेली ही योजना. नियमित कामाचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं विशेष शिबीर. विद्यापीठांच्या नियमांत सेवा योजना, एनसीसी आणि खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीच्या गुणांची तरतूद असते. निकालाच्या दिवशी दोन-चार गुणांनी विषय राहिला की मुलांना ही तरतूद आठवते. पण ती यादी ठरल्या मुदतीत विद्यापीठात गेलेली असावी लागते, आणि यादीमागे हजेरीची वही असावी लागते. श्रमदानाच्या दिवशी सही करायला कंटाळा केलात तर ते दोन तास झाले नाहीत असं समजायचं. नंतर बसून महिन्याच्या सह्या एका पेनाने करू देणारी वही मी स्वीकारत नाही. एका शाईत तीस दिवस दिसले की कुणालाही कळतं. आणि हो, ग्रुपवर टाकलेले फोटो ही हजेरी नव्हे. फोटोत मागे उभा असलेला डोकं कापलेला मुलगा कोण, हे पाच वर्षांनी कोण सांगणार?

हे सगळं सापडतं कसं? महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत 'सहा गठ्ठे' नावाची पद्धत आहे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची जी घडी बसवली, ती 'लखीना पॅटर्न' म्हणून पुढे राज्यभर गाजली. टेबलं कशी मांडायची इथपासून कागद कसे लावायचे इथपर्यंत त्यात विचार होता. गठ्ठे असे : आज हातात असलेली प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, ठरल्या मुदतीला पाठवायची विवरणपत्रं, कायमचे आदेश, काम संपून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं, आणि नष्ट करायचे कागद. जिमखान्याच्या एका लोखंडी कपाटात मी तेच करते. तुमचा अर्ज कुठे आहे असं विचारलंत तर मी आधी गठ्ठा आठवते, मग फाईल. पोलीस ठाण्याच्या उत्तरासाठी थांबलेला अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात असतो, आणि दर सोमवारी तो गठ्ठा उघडून स्मरणपत्रं निघतात. 'अडलेला' कागद बहुतेक वेळा इथे असतो. त्याला माझ्या सहीची नव्हे, तुमच्यापैकी कुणीतरी तिकडे जाऊन चौकशी करण्याची गरज असते.

काम संपलेल्या कागदांचेही वर्ग असतात : 'अ' कायमचे, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' एक वर्ष. हॉल मागण्याचा अर्ज 'ड'. पण संघांच्या याद्या आणि प्रमाणपत्रांची नोंदवही मी 'ब' मध्ये ठेवते. यावर आमच्या ऑफिसात मतभेद झाले आहेत. दहा वर्षं पुरेत, कपाटात जागा नाही, असं म्हणणारे आहेत. माझं म्हणणं असं की पदवी घेतल्यावर माणूस तीस-पस्तीस वर्षं नोकरी करतो आणि तक्रार कधीही होऊ शकते. जागेचा प्रश्न असेल तर आधी वर्तमानपत्रांची कात्रणं हलवा.

संगणक आला, याद्या आता एक्सेलमध्ये येतात, अर्जही मेलवर येतात. काम सोपं झालं यात शंका नाही. मात्र 'फायनल', 'फायनल २' आणि 'एकदम फायनल' अशा तीन याद्या पाठवून त्यांतली खरी कुठली हे न सांगता मुलं सुट्टीवर जातात. सही झालेली यादी हीच खरी यादी, म्हणून ती छापून, क्रमांक घालून फायलीत लागते. मेलने आलेल्या अर्जालाही मी आवक क्रमांक देते. तो क्रमांक मेलमध्येच उत्तरादाखल कळवते, तीच तुमची पोच.

शेवटी जाणाऱ्या सेक्रेटरींना एक विनंती. ३१ मार्चच्या आत सगळ्या उचलींचे हिशेब द्या, त्यानंतर वर्ष बदलतं आणि त्या खात्यातली शिल्लक तुमच्या बिलासाठी थांबत नाही. आणि कार्यभार सोपवताना एक दोनशेपानी वही भरून द्या. तिच्यात भाषण नको. मंडपवाला कोण, त्याने गेल्या वर्षी काय दर घेतला, सभागृहाचा कुठला प्लग मोठ्या स्पीकरचा भार घेत नाही, शिबिराच्या गावी पाण्याचा टँकर कुणाकडून आला, कुठल्या स्पर्धेची प्रवेशिका कुठल्या महिन्यात येते, आणि कुठलं काम तुमच्या वर्षी राहून गेलं, एवढंच लिहा. आतापर्यंतच्या अशा सात वह्या आहेत. त्यांतली नाट्यमंडळाची सर्वांत वाचनीय आणि क्रिकेटची सर्वांत कोरी. नव्या सेक्रेटरींनी ऑगस्टमध्ये पहिला अर्ज लिहिण्याआधी त्या पाहाव्यात. लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या खणात आहेत. किल्ली मामांकडे मागा, आणि वही नेताना रजिस्टरात सही करा.